दोन झडपांच्या मुख्य दाराला शोभेची हँडलं कशी निवडायची

वास्तुशांतीची तारीख ठरते, पत्रिका वाटून होतात आणि मुख्य दाराला अजून हँडलच नाही, असं बहुतेक घरांत होतं. मग साताऱ्यात मोती चौकात किंवा पोवई नाक्यावर जाऊन जो मोर किंवा हत्ती नजरेत भरेल तो उचलला जातो आणि सुतार रात्री उशिरापर्यंत थांबून तो ठोकून देतो. पुढं पावसाळ्यात एक स्क्रू ढिला होतो, जाळीचं दार पुरतं मिटत नाही, किंवा किल्ली फिरवताना बोटं सोलवटतात. यात हँडलचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. नक्षी सगळ्यात शेवटी बघायची. आधी कुलूप, मग दाराची मापं, मग धातू, मग नक्षी. या क्रमानं गेलात तर साध्या हँडलनंही दार देखणं होतं आणि वीस वर्षं हलत नाही.

हे हँडल काय करत नाही

शोभेच्या हँडलला आत काही यंत्र नसतं. खटका नाही, जिभळी नाही, ते खाली दाबून दार उघडत नाही. त्याचं काम ओढण्याचं आणि दिसण्याचं. दुकानात याला पुल हँडल, मेन डोअर हँडल किंवा डमी हँडल म्हणतात. जुन्या वाड्यांच्या दारांची विभागणी अशीच होती: बाहेरून ओढायला आणि वाजवायला कडी, आतून बंद करायला अडसर. दोन कामं, दोन वेगळ्या वस्तू.

यातून एक प्रश्न उभा राहतो, तो खरेदीच्या आधीच सोडवा. दिवसा कुलूप न लावता दार नुसतं लोटलं, तर ते मिटलेलं राहणार कशानं? ज्या सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, तिथं वाऱ्याबद्दल वेगळं सांगायला नको. आषाढात पश्चिमेकडच्या दाराची झडप दिवसभर आपटत राहते. त्यासाठी चालत्या झडपेच्या वरच्या कडेला रोलर कॅच (स्प्रिंगवरच्या छोट्या चाकानं झडप धरून ठेवणारा खटका) किंवा चांगल्या ताकदीचा चुंबकी कॅच बसवून घ्या, किंवा दाबताच खटकन बसणारं नाइट लॅच घ्या. हे ठरलं की हँडलवरचा एक मोठा भार कमी होतो.

पहिली पायरी: कुलूप आणि चालती झडप

दोन झडपांपैकी रोज उघडणारी ती चालती झडप. दुसरी वर-खाली टॉवर बोल्टनं, म्हणजे चौकटीत आणि फरशीत सरकणाऱ्या उभ्या कडीनं, बंद असते आणि सोफा आणताना किंवा लग्नकार्याला उघडते. हल्ली तीन फुटांची एक आणि दीड फुटाची दुसरी अशी दीड झडपेची दारंही बरीच होतात. कुठली झडप चालती ते सुताराला खडूनं दारावर लिहून द्या, तोंडी सांगू नका.

मग कुलूप. मॉर्टाइज लॉकची पेटी झडपेच्या उभ्या पट्टीत कोरून बसते आणि तिचं किल्लीचं भोक दाराच्या कडेपासून साधारण ५० ते ६० मिलिमीटरवर येतं. हँडलसुद्धा त्याच पट्टीच्या मधोमध, म्हणजे जवळजवळ त्याच उभ्या रेषेवर बसणार असतं. अडचण इथंच होते. हँडलचे बोल्ट लॉकच्या पेटीतून जाता कामा नयेत, आणि हँडलच्या पाट्यापासून किल्लीच्या भोकापर्यंत निदान अडीच इंच मोकळी जागा हवी, नाहीतर किल्ली धरलेली मूठ फिरत नाही. १२ इंचापर्यंतचं हँडल कुलपाच्या वर सहज बसतं. २४ इंची दांडा घ्यायचा असेल तर कुलूप खाली सरकवावं लागतं, आणि हे दार कोरण्याआधीच ठरवावं लागतं.

डिजिटल लॉक लावणार असाल तर आधी ते घ्या. काही लॉकना स्वतःचं दाबायचं हँडल असतं, मग शेजारी नक्षीदार पुल हँडल दाटीवाटीचं दिसतं. दोन्ही झडपांवर सारखी शोभेची हँडलं हवी असतील तर आतून बसणारं, बाहेर फक्त बटणांची पट्टी दिसणारं डिजिटल लॉक निवडा.

दुसरी पायरी: चार मापं

दुकानात जाताना नुसता दाराचा फोटो नेऊ नका. कागदावर चार मापं लिहून न्या.

पहिलं, झडपेच्या उभ्या पट्टीची सपाट रुंदी. पॅनलच्या दारात ती ४ ते ५ इंच असते, पण कडेचं मोल्डिंग वजा केलं की सपाट जागा तीन-साडेतीन इंचच उरते. हँडलचा पाटा तेवढ्यातच बसला पाहिजे. पाट्याचा एक कोपरा मोल्डिंगवर चढला की हँडल कायम डगमगतं.

दुसरं, मधल्या सांध्यापासूनचं अंतर. दोन झडपा जिथं मिळतात तिथं बहुधा एक झाकणपट्टी असते. प्रत्येक हँडलचा मध्य सांध्यापासून अडीच इंचांवर धरला तर दोन हँडलांत पाच इंच अंतर पडतं आणि दोन्ही झडपा एकदम ओढताना हात एकमेकांना घासत नाहीत.

तिसरं माप सगळ्यात जास्त विसरलं जातं: मुख्य दार आणि जाळीचं दार यांच्यातली पोकळी. हिशोब करून बघा. चौकट ५ इंची आहे, मुख्य दार दीड इंच जाड, सेफ्टी डोअर, म्हणजे जाळीचं दार, सव्वा इंच. मध्ये उरतात सव्वादोन इंच. हात नीट आत जाण्यासाठी हँडल आणि दार यांच्यात दीड इंच मोकळी जागा लागते, वर दांड्याची जाडी एक इंच. म्हणजे हँडल दारापासून अडीच इंच पुढं येणार आणि जाळीचं दार त्याच्यावर टेकणार. ६ इंची चौकटीत हाच प्रश्न येत नाही. त्यातही सेफ्टी डोअरची आतली कडी नेमकी हँडलसमोर येत असेल तर पोकळी आणखी घटते. दोन्ही दारं आधीच बसलेली असतील तर कणकेचा गोळा हँडलच्या जागी मुख्य दारावर चिकटवा, जाळीचं दार मिटा, उघडा आणि दबलेल्या गोळ्याची उंची मोजा. ती खरी जागा. मीटर टेपनं अंदाज घेण्यापेक्षा हे पक्कं.

पोकळी कमी भरली तर हट्टानं जाड हँडल बसवू नका. अशा दाराला पितळी कडी फार छान दिसते. सिंहमुखाच्या किंवा कमळाच्या पाट्यावरची ओघळती कडी दाराला चपटी लागून राहते, जागा कमी खाते, आणि तिच्या आवाजानं पाहुणा आल्याचंही कळतं. उभं मोठं हँडल मग जाळीच्या दाराला लावा.

चौथं, आतल्या बाजूची भिंत. झडप पूर्ण उघडल्यावर आतलं हँडल भिंतीवर किंवा फोटोच्या फ्रेमवर आदळतं का ते बघा. डोअर स्टॉपर हँडलपेक्षा अर्धा इंच तरी पुढं आलेला हवा.

तिसरी पायरी: लांबी आणि उंची

सात फुटी दाराला १० ते १२ इंचांचं नक्षीदार हँडल पुरतं. साधा सरळ दांडा असेल तर १८ इंच चांगला दिसतो. आठ फुटी उंच दाराला १८ ते २४ इंच. दारावर आधीच भरगच्च कोरीव काम असेल तर हँडल साधं ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे. वेलबुट्टीच्या पॅनलवर पुन्हा मोर-हत्ती आले की दोन्हीही दिसत नाहीत.

उंची फरशीपासून मोजायची, कच्च्या कोब्यापासून नाही. हँडलचा मध्य ३ ते साडेतीन फुटांवर आला की बहुतेकांच्या हाताला तो बरोबर येतो. आपल्याकडे दाराबाहेर पायरी असते आणि उंबराही असतो. बाहेरचा माणूस सहा इंच खाली उभा असेल तर त्याला हेच हँडल चार फुटांवर वाटतं. घरात वयस्कर मंडळी असतील तर बाहेरच्या पायरीवर त्यांना उभं करून, हात सहज पुढं करायला सांगून, तिथं पेन्सिलची खूण करा. कॅटलॉगमधल्या आकड्यापेक्षा ही खूण खरी.

चौथी पायरी: धातू ओळखा

दुकानात सगळंच पिवळं चकचकीत असतं आणि सगळ्यालाच पितळ म्हटलं जातं. बाजारातलं बरंचसं पितळी सामान जामनगर, अलीगढ, मुरादाबादकडून येतं, आणि त्यात उत्तम ओतीव माल असतो तसा मुलामा दिलेला हलका मालही असतो. ओळखायची रीत सोपी आहे.

खिशात छोटं चुंबक न्या. चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे. नाही चिकटलं म्हणून लगेच पितळ समजू नका, कारण जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक चिकटत नाही, आणि मुलाम्याची बहुतेक स्वस्त हँडलं त्याचीच असतात. म्हणून पुढची परीक्षा: हँडल उलटं करा आणि पाट्याच्या मागच्या बाजूला, जिथं दिसणार नाही तिथं, दुकानदाराला विचारून किल्लीच्या टोकानं एक ओरखडा काढा. आत पिवळं निघालं तर पितळ, राखाडी निघालं तर जस्त. ओरखडा काढायला नको म्हणणारा दुकानदार असेल तर दुसरं दुकान बघा.

वजनही बोलतं. पितळाची घनता साधारण ८.५, स्टीलची ७.९, जस्ताच्या मिश्रधातूची ६.६ ते ६.७ आणि अॅल्युमिनियमची २.७. एकाच आकाराची दोन हँडलं दोन हातांत घेतली की फरक लगेच कळतो. घरी खात्री करायची असेल तर हँडल ग्रॅममध्ये वजन करा, काठोकाठ भरलेल्या पातेल्यात पूर्ण बुडवा, सांडलेलं पाणी मापाच्या पेल्यानं मिलिलिटरमध्ये मोजा आणि वजनाला त्यानं भागा. उत्तर आठच्या वर आलं तर ओतीव पितळ. पोकळ हँडलला ही परीक्षा लागू पडत नाही. पातळ नळीचं पोकळ पितळ दिसायला ओतीवसारखंच असतं, फक्त टिचकी मारली की आवाज वेगळा येतो आणि जरा जोरात धरलं की चेपतं.

स्टेनलेस स्टील घेणार असाल तर ३०४ आणि २०२ हे आकडे लक्षात ठेवा. ३०४ मध्ये १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि ८ टक्क्यांच्या आसपास निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त पडतं आणि गंजाचे ठिपकेही लवकर धरतं. चुंबकानं या दोघांतला फरक कळत नाही, तेव्हा बिलावर ग्रेड लिहून घ्या.

हवा बघून धातू ठरवा. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, माण तालुक्यात त्याचा जेमतेम दहावा भाग. एकाच जिल्ह्यातली ही दोन टोकं. पाचगणी-महाबळेश्वरकडं, जावळीत, पाटणच्या पश्चिमेला चार महिने धुकं आणि पाऊस दारावर असतो. तिथं पावडर कोटिंगचं लोखंडी हँडल कितीही ऐटबाज दिसलं तरी घेऊ नका. ओरखडा पडला की गंज तिथून आत शिरतो आणि पोपडा निघतो. तिथं ३०४ स्टील किंवा ओतीव पितळच. माणमधल्या दहिवडी-म्हसवडकडं, दाराला चांगली पडवी असेल तर, काळं लोखंडी हँडलही वर्षानुवर्षं टिकतं. तिकडं त्रास उन्हाचा. पश्चिमेच्या दारावरचं काळं हँडल एप्रिलच्या दुपारी हाताला चटका देतं, तेव्हा धरायच्या जागी लाकडी मूठ असलेलं हँडल बघा.

रंगाचा मुलामा निवडताना एवढं लक्षात ठेवा: पीव्हीडी हा निर्वात कक्षात चढवलेला पातळ पण कडक थर असतो आणि तो बरीच वर्षं जातो. पितळावरचं पारदर्शक लॅकर मात्र हात लागेल तिथून झिजतं आणि मग नेमक्या धरायच्या जागी काळपट पट्टा उठतो. नियमित घासायची तयारी असेल तर बिनलॅकरचं पितळ घ्या.

पाचवी पायरी: आता नक्षी

जोडी तपासा. मोर, हत्ती, हंस, वेल यांची हँडलं डावी-उजवी वेगळी असतात, दोन्ही मोरांची तोंडं एकमेकांकडं यायला हवीत. खोक्यात पुष्कळदा दोन्ही उजवीच निघतात. दुकानातच काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवा, दारावर असतील तशीच, आणि बघा. आतून-बाहेरून दोन्हीकडं नक्षीची हँडलं लावणार असाल तर चार नगांचा हिशोब वेगळा: चालत्या झडपेच्या बाहेर जे डावं, ते आतून बघताना उजवीकडं येतं.

मग हँडलवर हात फिरवा. मोराच्या तुऱ्याचं टोक, हत्तीची सोंड, वेलीचं सुटं पान यांत साडीचा पदर, ओढणी, दप्तराचा पट्टा अडकतो. तुमच्या घरातली ओढणी सोबत न्या आणि हँडलवरून वरून खाली, खालून वर ओढून बघा. अडकली तर ते हँडल घेऊ नका. लहान मुलांचा चेहरा बरोबर तीन फुटांवर असतो हेही ध्यानात ठेवा. हँडलचं खालचं टोक गोल, आत वळलेलं हवं.

गणपती, लक्ष्मी किंवा शंख असलेली हँडलं बरीच विकली जातात. घरातल्या मोठ्यांना आधी विचारा. दिवसातून वीसदा उष्ट्या-खरकट्या हातांनी मूर्ती धरायची, हे अनेकांना रुचत नाही, आणि बसवल्यावर काढायचं म्हणजे दाराला भोकं उरतात. देवाला गणेशपट्टीवर जागा आहे, हँडलला कमळ किंवा वेल शोभते.

सहावी पायरी: बसवणं

इथं घाई नको. माझ्या मते हँडल कितीचं आहे यापेक्षा ते कसं बसवलं यावर त्याचं आयुष्य ठरतं.

पावसाळ्यात लाकूड आडव्या दिशेला फुगतं. श्रावणात दोन झडपा सांध्यावर घट्ट बसतात आणि माणूस दार हिसका देऊन ओढतो. वर्षभरातला सगळ्यात मोठा ताण हँडलवर तेव्हाच येतो. समोरून चार स्क्रू मारलेलं जड हँडल या हिसक्यांनी हळूहळू बाहेर येतं. म्हणून मोठं हँडल नेहमी आरपार बोल्टनं बसवा. दोन्ही बाजूंना हँडल असेल तर एकाच बोल्टनं दोन्ही कसली जातात आणि बोल्ट कुठंच दिसत नाही. बाहेर एकच हँडल असेल तर आतून बोल्टखाली रुंद वॉशर घाला आणि वर पितळी टोपी किंवा लाकडी बटण बसवा. याचा एक फायदा सुरक्षेचाही आहे: बाहेरून स्क्रू दिसत नाही, त्यामुळं हँडल कुणाला खोलता येत नाही.

बंद झडपेलाही बोल्टच. घरच्यांना ठाऊक असतं कुठली झडप उघडते, पाहुण्याला नसतं. तो दोन्ही ओढून बघतो.

काम असं करून घ्या. दोन्ही झडपा मिटून, खालच्या-वरच्या टॉवर बोल्टसह पक्क्या बंद करा. हँडलच्या भोकांचा कागदी आराखडा कापा. उंचीची खूण एका झडपेवर करा आणि पाण्याच्या नळीनं किंवा लेव्हलनं ती दुसऱ्या झडपेवर न्या. प्रत्येक झडपेच्या खालच्या कडेपासून वेगवेगळं मोजू नका, कारण फरशीला उतार असला की दोन मोर खाली-वर दिसतात आणि ते रस्त्यावरूनही कळतं. दोन्ही आराखडे चिकटपट्टीनं लावा, फाटकापर्यंत मागं जाऊन बघा, मगच ड्रिल हातात घेऊ द्या.

आधी ३ मिलिमीटरचं बारीक भोक आरपार पाडायचं, मग बोल्टच्या मापाचं मोठं भोक निम्मं बाहेरून, निम्मं आतून. एकाच बाजूनं आरपार मारलं तर दुसऱ्या बाजूची सालपट उडतात. ड्रिल दाराला काटकोनात आहे का हे दुसऱ्या माणसानं बाजूला उभं राहून बघावं. बोल्टची लांबी दाराच्या जाडीवर ठरते. खोक्यातले बोल्ट बहुधा ३५ मिलिमीटरच्या दारासाठी असतात, ४५ मिलिमीटरच्या सागवानी दाराला ते तोकडे पडतात, हे आदल्या दिवशीच बघून ठेवा.

फ्लश दार (दोन्ही बाजूंना प्लाय लावलेलं सपाट दार) असेल तर आतून ते भरीव आहे की पोकळ याची खात्री करा. पोकळ दारात भरीव लाकडाचा ठोकळा बहुतेक वेळा फक्त लॉकच्या जागी असतो. बाकीच्या जागी बोल्ट कसला तर दोन्ही बाजूंचे प्लाय आत दबतात. तिथं भोकात धातूची नळी दाराच्या जाडीइतकी कापून घाला आणि तिच्यातून बोल्ट न्या.

छोट्या कडीसाठी स्क्रू चालतात, पण सागवानात पितळी स्क्रू थेट पिळला तर मुंडी तुटून हातात येते. आधी बारीक भोक, मग त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू फिरवून आटे पाडायचे, तो काढायचा, आणि मग पितळी स्क्रूला साबण किंवा मेण लावून हातानं बसवायचा. यंत्रानं नाही. लोखंडी स्क्रू तिथं कायमचे ठेवू नका. पावसाचं पाणी लागलं की त्यांच्याभोवती लाकडावर काळे डाग उतरतात.

पॉलिश आणि हँडल यांचा क्रम हा: भोकं पॉलिशच्या आधी, हँडल पॉलिशच्या नंतर. भोकं पाडून हँडल एकदा बसवून बघा, काढा, भोकांच्या आतूनही पॉलिशचा हात फिरवून घ्या म्हणजे ओल आत शिरणार नाही. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश वरून सुकलेलं वाटलं तरी पूर्ण कडक व्हायला काही दिवस लागतात. त्याआधी पाटा कसला तर तो पॉलिशला चिकटतो.

निगा

लॅकर किंवा पीव्हीडीच्या हँडलला चिंच, लिंबू, राख, भांड्याची पावडर यांतलं काहीही लावू नका. ओल्या मऊ फडक्यानं पुसा, कोरड्यानं टिपा, बस. बिनलॅकरचं पितळ चिंच-मिठानं लख्ख होतं, पण ते पाणी लाकडावर ओघळलं तर पॉलिशवर डाग पडतो. भोवती चिकटपट्टी लावून घासा आणि लगेच साध्या पाण्याच्या फडक्यानं पुसून घ्या. दसऱ्याचं हळद-कुंकू चौकटीला आणि उंबऱ्याला लावा, लॅकरवर हळदीचा पिवळा डाग राहून जातो.

पहिला पावसाळा सरला की लाकूड पुन्हा आक्रसतं आणि बोल्ट किंचित सैल होतात. दसऱ्याच्या आधी दारं पुसायला काढाल तेव्हा सगळे बोल्ट पाव फेरा कसून घ्या. त्याहून जास्त नको, पाट्याखालचं लाकूड दबतं. बंद झडपेचा खालचा टॉवर बोल्ट फरशीतल्या ज्या भोकात जातो, ते भोक त्याच वेळी काडीनं साफ करा. त्यात माती भरली की बोल्ट अर्धाच उतरतो आणि मग ती झडप नुसत्या वरच्या बोल्टवर लटकत राहते.